शब्दांची पेटी : टॉन्शर

या आठवड्याचा शब्द मी निवडलेला नाही. माझ्याच चुकीनं तो माझ्या पदरात पडला. म्हणून आधी चूक सांगते, मग शब्दाकडे वळू.

तुम्हांला ठाऊकच आहे, घरचं आवरून मी शाळेत अर्धवेळ इंग्रजी शिकवते. नववीच्या वर्गात सध्या कर्तरी आणि कर्मणी प्रयोग चालू आहेत, म्हणजे ॲक्टिव्ह-पॅसिव्ह. पुस्तकातली वाक्यं तीच ती. रामानं आंबा खाल्ला, रामाकडून आंबा खाल्ला गेला. मुलीही कंटाळतात आणि खरं सांगायचं तर मीही कंटाळते. म्हणून मी सांगितलं, प्रत्येकीनं इंग्रजी वर्तमानपत्रातून कर्मणी प्रयोगाचं एक वाक्य कापून आणायचं. बहुतेकींनी क्रिकेट आणलं. एकीनं मात्र दोन बोटं रुंदीची एक बातमी आणली. कुठल्याशा गावात एका बाईवर संशय घेऊन लोकांनी तिला मारलं होतं, आणि पुढे वाक्य होतं, 'शी वॉज टॉन्शर्ड अँड परेडेड थ्रू द व्हिलेज.'

परेडेड म्हणजे धिंड काढली, हे मुलींना कळलं. "बाई, टॉन्शर्ड म्हणजे काय?"

आता अशा वेळी शहाण्या बाईनं काय म्हणावं? उद्या बघून सांगते. पण घंटा व्हायला पाच मिनिटं होती, शेवटच्या बाकावर गडबड चालली होती, आणि आपल्याला येत नाही हे बेचाळीस मुलींपुढे कबूल करायला जीभ वळेना. मी म्हटलं, "अगं, घशात टॉन्सिल असतात ना, त्यावरून. गळा आवळला असणार तिचा." बेचाळीस माना खाली झाल्या आणि बेचाळीस वह्यांत माझं अज्ञान उतरलं.

घरी आल्यावर कॉलेजातला जुना शब्दकोश काढला. माझी आजी, आईची आई, महिनाभर आमच्याकडे आली आहे. नव्वदीला टेकली तरी कान आणि जीभ दोन्ही शाबूत. ती ओट्याशी खुर्ची घेऊन मेथी निवडत होती. मी अर्थ मोठ्यानं वाचला, "डोक्यावरचे सगळे किंवा काही केस काढणं, विशेषतः धार्मिक विधी म्हणून." आजीचा हात थांबला. म्हणाली, "म्हणजे आमच्या माईआत्याचं करायचे ते का ग?"

आजीचं उत्तर जरा बाजूला ठेवू. ते पुढे येतंच आहे. आधी शब्द नीट हाताळून पाहू, कारण माझ्यासारखी फजिती तुमची व्हायला नको. मुलं अभ्यासाला बसली की असे शब्द नेमके स्वयंपाकघरात येऊन धडकतात.

स्पेलिंग टी, ओ, एन, एस, यू, आर, ई. शेवटी 'शुअर' दिसतं म्हणून पुष्कळजणी 'टॉन-शुअर' म्हणतात. जोर पहिल्या अक्षरावर द्यायचा आणि शेवट सैल सोडायचा, टॉन्शर. भूतकाळ टॉन्शर्ड. आयएनजी लावताना शेवटचा ई गळतो. टॉन्सिलशी याचं काही नातं नाही. नुसता आवाज सारखा. आपल्याकडे वेणी आणि वेणू सारखे वाटतात, म्हणून काही केसांत बासरी माळत नाही कोणी.

शब्दाचं माहेर लॅटिन. 'तोंदेरे' म्हणजे कातरणं, भादरणं. त्यावरून 'तोन्सोर' म्हणजे न्हावी आणि 'तोन्सुरा' म्हणजे कातरण्याची क्रिया. न्हाव्याच्या कामाला इंग्रजीत थट्टेनं 'टॉन्सोरियल' कला म्हणतात, ते याच घराण्यातलं. इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकाच्या शेवटी आला तो नाम म्हणून. त्याचं क्रियापद व्हायला पुढे काही शतकं जावी लागली. त्यामुळे अजूनही इंग्रज माणूस हा शब्द वापरतो तो बहुधा नामासारखाच. 'टेक द टॉन्शर' म्हणजे केस काढून घेणं, अर्थात मठात जाणं, साधू होणं. आपण 'मुंडन करून संन्यास घेतला' म्हणतो, तसंच.

तिकडच्या ख्रिस्ती साधूंची चित्रं तुम्ही पाहिली असतील. टाळूवरचा गोल भाग तुळतुळीत आणि भोवती केसांचं कडं. ही रोमची पद्धत. आयर्लंड आणि स्कॉटलंडकडचे साधू तसं करत नसत. ते डोक्याच्या पुढच्या भागावरचे केस काढत आणि मागचे ठेवत. आता यात भांडण्यासारखं काय आहे, असं तुम्हांला वाटेल. पण इंग्लंडात व्हिटबी इथं 664 साली धर्मसभा भरली, तिच्यात मुख्य वाद ईस्टरच्या तारखेचा होता, आणि त्याच्या जोडीला डोक्यावरचे केस कुठून काढायचे हाही. रोमवाले जिंकले. आपल्याकडे शेंडी किती ठेवावी, घेरा केवढा असावा यावर जे रण माजायचं, त्याची आठवण झाली मला. पुरुषांच्या केसांचा तिढा जगभर सारखाच! रोमच्या चर्चनं ही प्रथा शेवटी बंद केली. 1972 साली पोप सहावे पॉल यांनी तसा आदेश काढला आणि तो 1973 च्या सुरुवातीपासून लागू झाला.

म्हणजे तिकडे शब्द जवळजवळ पेन्शनीत निघाला. लंडनच्या एखाद्या बाईला हा शब्द ऐकवलात तर तिच्या डोळ्यांपुढे टाळूवर चकती असलेला साधू येईल, आणि तोही गोष्टीच्या पुस्तकातला. आपल्याकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत मात्र त्याला रोजचं काम आहे. तिरुपतीला केस वाहिले, टॉन्शर. वडील गेल्यावर मुलानं क्षौर केलं, टॉन्शर. एखाद्या संघटनेनं मागण्यांसाठी मुंडन आंदोलन केलं, टॉन्शर. आणि कोणाची विटंबना करायला डोकं भादरलं, तरीही टॉन्शर. भक्ती, दुःख, राग आणि छळ, चौघांना एकच टोपी.

आपली मराठी इतकी कंजूष नाही हो. बाळाचं काढतात ते जावळ. मुंजीत किंवा तीर्थाला होतं ते मुंडन. सुतकात दहाव्याला होतं ते क्षौर. पंचांगात आणि जुन्या वळणाच्या घरांत श्मश्रू. रोजची ती हजामत. मेंढरांचं आणि रागावलेल्या बापानं पोराचं करायचं ते भादरणं. गोटा, चकोट हे शब्द तर शाळेतल्या पोरांनी जपून ठेवलेत. आणि विधवेचं जे करत, ते केशवपन. यातला प्रत्येक शब्द ऐकला की कोणाच्या डोक्याबद्दल बोलणं चाललंय हे न सांगता कळतं. जावळ म्हटलं की घरात पेढे, आणि केशवपन म्हटलं की माजघरात अंधार. इंग्रजीत भाषांतर करताना मुलं या सगळ्यांना टॉन्शर लावून मोकळी होतात. तसं करू देऊ नका. बाळाच्या जावळाला 'फर्स्ट हेअरकट' पुरे. रोजच्या दाढीहजामतीला टॉन्शर म्हणणं म्हणजे चहाला पंचामृत म्हणण्यासारखं आहे.

अजून एक बारीक गोष्ट. जैन साधुसाध्वी केस कापत नाहीत, हातांनी उपटतात. त्याला केशलोच म्हणतात. तिथं टॉन्शर लिहिलं तर ती चूकच होईल, कारण टॉन्शरच्या मुळाशी कातरणं आहे, हत्यार आहे. तिथं 'प्लक' हवं. उलट प्रयागचं वेणीदान घ्या. आपल्या महाराष्ट्रातली जोडपी संगमावर जातात, बायको नवऱ्याच्या मांडीवर बसते, तो तिची वेणी घालतो आणि तिचं टोक तेवढं कापून गंगेत सोडतात. माझ्या सासूबाईंनी केलंय. "आयुष्यात एकदाच यांनी माझी वेणी घातली आणि तीही कापण्यासाठी," असं त्या अजून सांगतात. त्यालाही टॉन्शर म्हणू नये. नुसतं टोक कापल्यानं टॉन्शर होत नाही.

आता व्याकरण. हा भाग जरा नेटानं वाचा, कारण सगळी गोम इथंच आहे.

टॉन्शर हे सकर्मक क्रियापद आहे. कोणीतरी कोणाचंतरी करतं. कर्म म्हणून माणूस चालतो किंवा डोकं चालतं. 'द बार्बर टॉन्शर्ड द बॉय', 'द बार्बर टॉन्शर्ड हिज हेड', दोन्ही बरोबर. पण 'माझ्या काकांनी तिरुपतीला मुंडन केलं' याचं 'माय अंकल टॉन्शर्ड हिज हेड' केलंत, तर अर्थ होतो की काकांनी स्वतःच वस्तरा घेतला. काका तर तिथल्या कल्याणकट्ट्यावर रांगेत बसले होते आणि काम न्हाव्यानं केलं. म्हणून 'माय अंकल हॅड हिज हेड टॉन्शर्ड'. आपण जसं 'शिवलं' आणि 'शिवून घेतलं' म्हणतो, तसा हा फरक. ज्याला स्वतःहून करून घ्यायचं आहे, त्याच्यासाठी 'हॅड' किंवा 'गॉट'. आणि जिच्यावर कोणी दुसऱ्यानं केलं, तिच्यासाठी कर्मणी, 'शी वॉज टॉन्शर्ड'.

हे मी आजीला समजावत होते. तिला इंग्रजी येत नाही, पण शिकवणं ऐकायला आवडतं. मी म्हटलं, "आजी, माईआत्याबद्दल लिहायचं तर 'शी वॉज टॉन्शर्ड' लिहावं लागेल. तिचे केस काढले गेले." आजी म्हणाली, "आणि आम्ही काय म्हणायचो ठाऊक आहे? 'माईनं केस काढले.' आल्यागेल्याला हेच सांगायचे, माईनं केस काढले. जसं काही तीच वस्तरा घेऊन बसली होती!"

मैत्रिणींनो, मी इतकी वर्षं व्याकरण शिकवते आहे, पण हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. तुमच्याही घरातल्या जुन्या बोलण्यात हे वाक्य असेल. अमकीनं केस काढले. तमकी सोवळी झाली. दोन्हींत कर्ता तीच.

माईआत्या म्हणजे आजीच्या वडिलांची मोठी बहीण. तेराव्या वर्षी नवरा गेला. तिचे वडील, म्हणजे आजीचे आजोबा, तिला माहेरी घेऊन आले. दोन वर्षं त्यांनी केसांचं टाळलं. पण सकेशा विधवा घरात म्हणून लोक पंगतीला येईनात, तिच्या हातचं पाणी चालेना, आणि धाकट्या मुलीचं लग्न ठरेना. मग पंधराव्या वर्षी एका पहाटे न्हाव्याला परसदारी बोलावलं. "आजोबा वाईट नव्हते ग," आजी म्हणाली. "मी त्यांच्या मांडीवर वाढले. त्यांनी माईला वाचायला शिकवलं. पण केस त्यांनीच काढवले." त्यानंतर दर पंधरा-वीस दिवसांनी न्हावी यायचा. माई भिंतीकडे तोंड करून बसायची. मुलांनी तिकडे फिरकायचं नाही अशी ताकीद असे, तरी आजीनं दाराच्या फटीतून एकदा पाहिलं होतं. न्हावी एक शब्द बोलत नव्हता आणि माईही बोलत नव्हती. मग थंड पाण्यानं आंघोळ, तांबडं आलवण, आणि चुलीपुढे.

घरातल्या पोरींच्या वेण्या मात्र माईच घालायची. चौपेडी, पाचपेडी, शुक्रवारी अबोलीचा वळेसर. आजी सांगते, तिच्यासारखा हलका हात पुन्हा मिळाला नाही. गुंता सोडवताना एक केस तुटू द्यायची नाही.

आजीच्या लग्नानंतर आजोबा वारले, घर विभागलं, आणि न्हाव्याच्या मुलानं हे काम करायचं नाकारलं. "माझ्या बापाला रात्री झोप लागत नसे त्या दिवशी," असं तो म्हणाला म्हणे. माई तेव्हा पन्नाशी ओलांडलेली. तिनं दुसरा कोणी बोलावला नाही. दोन-तीन महिन्यांत डोक्यावर पांढरे केस आले, आणि घरातल्या कोणालाच ठाऊक नसलेली गोष्ट कळली. तिचे केस कुरळे होते. आजी माहेरी गेली तेव्हा माईनं डोक्यावरचा पदर मागे सारून तिला दाखवले. म्हणाली, "हात लावून बघ." एवढंच.

हे सांगून आजी पुन्हा मेथीकडे वळली. मीही भाजी फोडणीला टाकली. काय बोलणार?

आजीनं सांगितलेल्या न्हाव्यावरून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकात ती एखाद्या ओळीत येते आणि जाते. 1890 साली मुंबईत न्हाव्यांनी एकत्र येऊन ठरवलं होतं, की विधवांचे केस आपण काढायचे नाहीत. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यात पुढाकार होता. मला या प्रसंगाचं फार अप्रूप वाटतं. आगरकर 'सुधारका'त केशवपनाविरुद्ध जळजळीत लिहीत होते. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं होतं. तिथंच शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी 1893 साली लग्न केलं. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' त्याच काळातली. तिच्यातल्या यमूच्या वाट्याला शेवटी हेच येतं. पण ही सगळी शिकलेली माणसं. ज्यांच्या हातात प्रत्यक्ष वस्तरा होता आणि ज्यांचं पोट त्यावर होतं, त्यांनी तो खाली ठेवायचा म्हणणं, ही गोष्ट वेगळीच. माईच्या न्हाव्यापर्यंत मुंबईची बातमी पोचायला पुढची अर्धी शतकं गेली, हेही तितकंच खरं.

आता केशवपन उरलं नाही. पण कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं पुष्कळ ठिकाणी चालूच राहिलं. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेनं ते बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारनंही तो इतर गावांपुढे ठेवला. माझ्या वर्गातल्या मुलींना हेरवाड ठाऊक होतं. टॉन्शर ठाऊक नव्हतं, हे एका परीनं बरंच म्हणायचं.

आणि हे फक्त आपल्याकडेच झालं असंही समजू नका. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातला फ्रान्स 1944 साली सुटला, तेव्हा शत्रूशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून तिथल्या बायकांना चौकात आणून त्यांची डोकी भादरली. अशा बायकांची संख्या 20,000 च्या आसपास असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. फ्रेंचमध्ये त्यांना 'तोंद्यू' म्हणतात, म्हणजे भादरलेल्या. आपल्या शब्दाची ही सख्खी बहीण, त्याच लॅटिन 'तोंदेरे'ची मुलगी. इंग्रजीत मात्र त्या प्रसंगाला टॉन्शर लिहीत नाहीत. सरळ 'शेव्ह्ड' किंवा 'शॉर्न' लिहितात. 'शॉर्न' हे 'शिअर'चं रूप. मेंढीची लोकर कातरतात तेव्हा 'शिअर' म्हणतात. मला वाटतं तेच बरोबर आहे. टॉन्शरला विधीचा, देवाधर्माचा वास आहे. गावानं एका बाईला धरून तिचे केस उतरवले, त्यात कसला आलाय विधी? आपले बातमीदार तिथं टॉन्शर लिहितात तेव्हा त्या कामाला उगाचच सोवळं नेसवतात, असं माझं मत. तुम्हांला पटत नसेल तर कळवा.

दुसऱ्या दिवशी नववीत गेले. रात्रभर घोकलं होतं काय बोलायचं ते. खडू घेतला आणि सरळ सांगून टाकलं, "काल मी टॉन्शरचा अर्थ चुकीचा सांगितला. मला येत नव्हता." दोघीतिघी हसल्या, मग गप्प झाल्या. एकीनं विचारलं, "बाई, वहीतलं खोडायचं का?" म्हटलं, "एक रेघ मारा आणि शेजारी बरोबर अर्थ लिहा." मग अर्थ सांगितला. तो ऐकल्यावर वर्ग एकदम शांत झाला. गळा आवळला म्हटलं होतं तेव्हा इतका शांत झाला नव्हता.

कर्मणीचं वाक्य कर्तरी करायला फळ्यावर लिहिलं, 'शी वॉज टॉन्शर्ड'. बातमी आणणारी मुलगी उठली. "बाई, कर्तरी करायला कर्ता पाहिजे. इथं 'बाय' नंतर काही लिहिलेलंच नाही." बरोबर होतं तिचं. पुस्तकात नियमच आहे, कर्ता ठाऊक नसेल किंवा महत्त्वाचा नसेल तर 'बाय'चा भाग गाळावा. हा नियम मी किती वर्षं पाठ करून घेतला आहे! मी म्हटलं, "मग तूच शोध." तिनं कात्रण पुन्हा वाचलं. आधीच्या वाक्यात 'लोकल्स' होते. फळ्याशी येऊन तिनं लिहिलं, 'द लोकल्स टॉन्शर्ड हर.' आणि मग खडू हातात तसाच ठेवून म्हणाली, "बाई, यात त्यांची नावं पण पाहिजेत."

नेहमीप्रमाणे घरचा अभ्यास देते. तीन वाक्यं इंग्रजीत करून पाठवा. एक, आम्ही बाळाचं जावळ काढलं. दोन, माझ्या दिरांनी तिरुपतीला केस दिले. तीन, माईनं केस काढले. तिसऱ्या वाक्यात कर्ता कोण धरायचा ते तुमचं तुम्ही ठरवा, पण 'बाय'ची जागा रिकामी सोडू नका. आजी अजून पंधरा दिवस आहे. मी तुमची उत्तरं मराठीत करून तिला वाचून दाखवणार आहे.

गेल्या खेपेला 'स्टार्च' शब्दाबद्दल लिहिलं होतं, त्यावर दोघींनी विचारलंय, की कांजी आणि खळ यांत फरक काय आणि सुती साडीला कोणती वापरावी. ते पुढच्या अंकात.